एका घोटात चार गोळ्या

१० जुलै, गुरुवार

चातुर्मास सुरू झाला. सकाळी बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, साध्वी माताजींसमोर हात जोडून नियम घेतला: दिवाळीपर्यंत एकाशन. दिवसातून एकदाच बसायचं, तेव्हाच जेवायचं, तेव्हाच पाणी प्यायचं. उठलं की दुसऱ्या दिवसापर्यंत तोंडात थेंब नाही. शाळेत असताना हे जमलंच नसतं. अठ्ठावीस वर्षं आठवीला विज्ञान शिकवलं, दर तासाला घसा ओला करावा लागायचा. मे महिन्यात निवृत्त झाले. आता सबब उरली नाही.

घरी सांगितलं. यांना सगळा शाहूपुरी भाग बापूसो म्हणतो, वहीत मीही तेच लिहिते, तोंडावर मात्र तेहतीस वर्षं ‘अहो’च. बापूसोंनी पेपर बाजूला ठेवून विचारलं, ‘‘आन् गोळ्यांचं काय करनार?’’

त्याचा विचार मी आधीच केला होता. माझ्या चार गोळ्या. थायरॉइडची सकाळी उपाशीपोटी, बीपीची नाश्त्यानंतर, लोहाची दुपारी, कॅल्शियमची संध्याकाळी. म्हणजे चार वेळा पाणी. आता साडेअकराला ताटावर बसलं की चारही गोळ्या एका घोटात. गोळी एकही चुकणार नाही आणि नियमही मोडणार नाही. इतका सोपा उपाय असताना इतकी वर्षं दिवसभर डबी घेऊन का फिरले कोण जाणे.

३ ऑगस्ट, रविवार

पंचवीस दिवस झाले. भूक पहिले आठ दिवस लागली, आता लागत नाही. स्नेहल, म्हणजे सूनबाई, रोज बँकेत जाताना ‘आई, चक्कर येत नाही ना?’ म्हणून विचारते. माझा मुलगा वृषभ पुण्याहून फोनवर तेच विचारतो. आज वजनकाट्यावर उभी राहिले आणि सगळ्यांना बोलावून आकडा दाखवला. दीड किलो वाढलंय. एक वेळ जेवून. अशक्तपणा आला म्हणणाऱ्यांनी आता बोलावं.

राधानगरी धरणाचे दरवाजे उघडलेत, पंचगंगा चढतेय. हवेत गारठा आहे. पंख्याखाली बसवत नाही. बापूसो बनियनवर बसतात ते त्यांचं अंग शेतातलं म्हणून.

१४ सप्टेंबर, रविवार

दशलक्षण पर्व पार पडलं. दहा दिवस नीट निभावले, मग शीण आला आणि तो गेलाच नाही.

आज न्हाले. न्हाणीच्या जाळीवर पाणी तुंबलं म्हणून वाकून पाहिलं तर केसांचा गोळा. पुसताना टॉवेलला, विंचरताना फणीला. गाठ ओढावी लागली नाही, केस नुसते निघून आले. उजेडात आरसा धरला. भांग दोन बोटं रुंद झालाय. भुवयांची टोकंही विरळ दिसतात.

जरा वेळ बसून राहिले. रडले नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी केसांसाठी रडायचं म्हणजे अतीच झालं.

१७ सप्टेंबर, बुधवार

तीन दिवसांत घरात सगळे डॉक्टर झालेत. बापूसोंच्या मते उपास. सुमतीअक्का म्हणतात टाकीचं पाणी बदललंय. सुमतीअक्का म्हणजे बस्तीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांना विचारल्याशिवाय बस्तीत उदबत्ती हलत नाही. वृषभला वाटतं मानसिक ताण, निवृत्तीचा. स्नेहलने फोनवर वाचून काढलं की बीपीच्या काही गोळ्यांनी केस जातात, आणि माझी बीपीची गोळी जूनमध्येच बदललीय. मला हे पटलं. गोळी दोषी असेल तर व्रत आरोपातून सुटलं.

संध्याकाळी स्नेहल केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेऊन आली. कॅप्सूल नको, जिलेटिन चालत नाही, हे तिने लक्षात ठेवून आणल्या. चांगली आहे पोरगी. मी एकदाही तोंडावर म्हटलेलं नाही. उद्यापासून घोटात पाचवी गोळी.

२० सप्टेंबर, शनिवार

डॉक्टरांकडे गेले. भला माणूस, घाई करत नाही. त्यांनी डोकं बघितलं, केस ओढून पाहिले, विचारलं: गेल्या तीन महिन्यांत मोठा ताप आला होता का, डेंग्यू वगैरे? ऑपरेशन? वजन एकदम उतरलं? नवीन औषध? खाण्यात बदल? म्हणाले, केस गळायचं कारण आजचं नसतं, दोन-तीन महिन्यांपूर्वीचं असतं. बीपीच्या गोळीने क्वचित होतं, पण ती आपल्या मनाने बंद करायची नाही. लोह कमी असलं तरी होतं, थायरॉइड बिघडलं तरी.

खाण्यात बदल नाही, असं मी सांगितलं.

इथे लिहून ठेवते, कारण इथे तरी खरं लिहायला हवं. एकाशनाचं मी मुद्दाम बोलले नाही. ते म्हणणार सोडा, बापूसो म्हणणार बघ डॉक्टरपण सांगतायत, आणि दिवाळी महिन्यावर असताना माझा नियम चार लोक मिळून सोडवणार. बायोटिनचंही बोलले नाही, पण ते लपवलं नाही, जीवनसत्त्वाला काय औषध म्हणायचं.

रक्त देऊन आले.

२३ सप्टेंबर, मंगळवार

रिपोर्ट आला. थायरॉइड अगदी हद्दीत. हिमोग्लोबिन किंचित कमी. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलून दिली.

रिपोर्ट जेवणाच्या टेबलावर बापूसोंच्या पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा ठेवला. व्रत निर्दोष. ते वाचून म्हणाले, कागद बरोबर असंल, पर तुझा आवाज का घोगरा झालाय? सर्दी, दुसरं काय.

२८ सप्टेंबर, रविवार

आज जे झालं ते सुमतीअक्कांच्या घरी झालं.

माताजींना आहार द्यायचा तर घरात चौका लावायचा: स्वयंपाकघर धुऊन, धुतलेली साडी नेसून, पाणी उकळून, दाणा न् दाणा निवडून. माताजी त्यांच्या ओंजळीत घास घेतात. चोवीस तासांत तेवढंच. त्या घासात केस निघाला की तो अंतराय. त्या तिथेच थांबतात, पाणीसुद्धा घेत नाहीत, थेट दुसऱ्या दिवशी. ज्या घरी अंतराय होतो तिथे त्या दिवशी कुणी मोठ्याने बोलत नाही.

मी वीस वर्षं अक्कांच्या चौक्यात भात करते. आजही केला, डोक्याला फडकं बांधून. चौथा घास ओंजळीत पडला आणि माताजींचा हात थांबला. लांब, अर्धा काळा अर्धा पांढरा केस. माताजींनी ओंजळ उघडली, हात धुतले, उठल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. बाहेर सप्टेंबरचं ऊन तापलं होतं आणि त्यांना उद्या सकाळी दहापर्यंत पाणी नाही.

चौक्यात आम्ही सहा बायका होतो. सहाही जणींचे केस लांब, चौघींचे पिकलेले. पण पाच जणींनी एकाच डोक्याकडे बघितलं.

२९ सप्टेंबर, सोमवार

सुमतीअक्कांचा फोन आला. आवाज मऊ होता, तेव्हाच समजले. म्हणाल्या, तुझी तब्येत बरी होईपर्यंत तू बाहेरचं बघ, भाजी निवड, चौक्यात येऊ नको. मी विचारलं, केस माझाच होता हे कशावरून? त्या म्हणाल्या, ‘‘अरुणा, तुझंच गळतंय की गं.’’

मग त्यांनी खरं काय ते काढलं. बारा ऑक्टोबरचा चौका माझा आहे, माझ्या घरी. तो मंडळातल्या दुसऱ्या कुणाला देणार होत्या. मी म्हटलं, यादीत नाव माझं आहे, ते मी खोडणार नाही, आणि कुणी खोडलं तरी मी बारा तारखेला दारात कलश घेऊन उभी राहणार. माताजी थांबतील किंवा पुढे जातील. ते त्या ठरवतील, मंडळ नाही.

फोन ठेवून शाल ओढून घेतली. राग होता. थंडीही होती.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

गोळ्या संपल्या म्हणून जोतीरामच्या दुकानात गेले. जोतीराम माझा आठवीचा विद्यार्थी, आता स्वतःचं औषधांचं दुकान चालवतो आणि अजून मला बघून स्टुलावरून उठतो. डोक्याचा रुमाल बघून त्याने विचारलं, मी सांगितलं. रिपोर्ट ठीक, बीपीची गोळी बदलली, तरी गळतंय.

त्याने पाच पाकिटं काउंटरवर ओळीत मांडली. आतापर्यंत सगळ्यांनी ‘काय घेता’ विचारलं होतं, त्याने विचारलं, ‘‘बाई, ह्या कवा कवा घेताय?’’

चातुर्मास लागल्यापासून एकदमच, जेवताना, एका घोटात, असं मी सांगितलं. त्यात थोडा अभिमानही होता. मग त्याने कॅल्शियमचं आणि लोहाचं पाकीट उचलून थायरॉइडच्या पाकिटावर ठेवलं.

‘‘ही दोन तिला पोटातच धरून ठेवत्यात, बाई. रक्तात जाऊच देत न्हाईत. तीन महिनं तुम्ही गोळी गिळताय, पर घेत न्हाईसा.’’

मी म्हटलं, मग रिपोर्ट ठीक कसा आला? त्याने बायोटिनचं पाकीट पुढे सरकवलं. एवढ्या मोठ्या डोसचं बायोटिन पोटात असलं की काही मशिनींवर थायरॉइडचा आकडा चुकीचा येतो. तीन दिवस बंद ठेवा आणि पुन्हा रक्त द्या. आणि डॉक्टरांना सगळं सांगा, मला सांगितलंत तसं.

मी पिशवी उचलून निघाले. पैसे द्यायला परत यावं लागलं. पचन आणि शोषण, आठवीच्या पुस्तकातला धडा. फळ्यावर लहान आतडं मी इतक्या वेळा काढलंय की डोळे मिटून काढेन. ह्याला दोन वेळा वर्गाबाहेर उभं केलं होतं.

४ ऑक्टोबर, शनिवार

घरी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर पहिलं वाक्य काय येणार हे मला पाठ आहे.

बायोटिन बंद केलं. एवढं केलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

रक्त काल दिलं, आज एकटी जाऊन डॉक्टरांना सांगितलं. एकाशन, एका घोटातल्या गोळ्या, बायोटिन, सगळं. थायरॉइडचा आकडा छत्तीस. चार-पाचच्या आत हवा. त्यांनी रागावावं अशी तयारी करून गेले होते, ते रागावले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाले, थंडी, शीण, घोगरा आवाज, वाढलेलं वजन, केस, सगळं थायरॉइडच्याच खात्यात जाण्याचा संभव जास्त. एका वेळच्या जेवणाचाही थोडा वाटा असेल, नक्की सांगता येत नाही. केस बहुतेक परत येतील, सहा महिने धरा.

मी विचारलं, व्रत सोडावं लागेल? ते म्हणाले, जेवण एकदाच करा, मी कोण नको म्हणणार. फक्त थायरॉइडची गोळी सकाळी एकटी, पाण्याच्या घोटाबरोबर, आणि बाकीच्यांपासून चार तास लांब. असंच चालू राहून हृदयावर यायला नको.

एक घोट. पण एकाशन म्हणजे एक बैठक. सकाळी घोट घेतला की मोडलंच. मी माताजींसमोर हात जोडून बोललेय. बारा तारखेचा चौका मोडलेल्या नियमाने कसा लावू? बारा तारखेपर्यंत सकाळी नाही घेणार. कॅल्शियम आणि लोह मात्र आजपासून बाजूला ठेवलं.

घरी डॉक्टरांकडे गेल्याचं सांगितलं नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

फडकं बांधूनही केस पडतो हे सुमतीअक्कांच्या घरी दिसलं. केसच नसले तर पडणार कुठून. सरळ हिशेब आहे.

राजारामपुरीतल्या पार्लरमध्ये विचारलं. ती मुलगी कात्री ठेवून दोन पावलं मागे गेली. म्हणाली, काकी, काका बरे आहेत ना? तिथून उठले. दाढी करायला ज्ञानू शनिवारी घरी येतोच, तीस वर्षं येतोय. त्याला म्हटलं, यांचं झालं की माझं. त्याने बापूसोंकडे बघितलं.

बापूसो अर्ध्या साबणानेच उठले. ‘‘मी जित्ता हाय अजून. बाजारात लोक इचारतील, बापूसो गेला व्हय?’’

मी म्हटलं, विचारतील त्यांना हात लावून दाखवा. माताजी वर्षातून कितीदा स्वतःचे केस हाताने उपटतात, तेव्हा तुम्ही खाली वाकून पाया पडता. मी वस्तऱ्याने काढले तर तुमचं मरण कसं येतं?

ते अंगणात गेले, एका गालाला साबण तसाच. मला वाटलं शेतावर निघाले. थोड्या वेळाने आत आले, खुर्ची खिडकीपाशी उजेडात ओढली आणि ज्ञानूला म्हणाले, हात हलका ठेव.

स्नेहल दारात उभी राहून रडत होती. शेवटी तिनेच मानेवरचे केस झाडले. डोक्याला वारा लागला. मी बराच वेळ आरशात बघत होते. वाईट नाही दिसत. कान मोठे आहेत, ते यापूर्वी कधी कळलं नव्हतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

स्वयंपाक पाचला सुरू केला. स्नेहलने केस घट्ट बांधून त्यावर दोन फडकी बांधली. पावणेदहाला मी आणि बापूसो कलश घेऊन दारात उभे. मी पदर मुद्दाम घेतला नाही. समोरच्या गच्चीवर, गल्लीच्या तोंडाशी, मंडळातल्या बायका उभ्या होत्या. सुमतीअक्का सगळ्यात पुढे.

माताजी निघण्याआधी मनात एक खूण धरतात, ती ज्या दारात दिसेल तिथेच थांबायचं. ती काय आहे कुणालाही ठाऊक नसतं. त्या दोन दारं ओलांडून आल्या. माझ्या दारापुढूनही दोन पावलं गेल्या. मग थांबल्या, वळल्या. कशावर थांबल्या ते मला कळलं नाही, आणि ते विचारायचं नसतं.

आत घेतलं, पाटावर बसवलं. आता देणाऱ्याने म्हणायचं: मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे. हजार वेळा म्हटलंय. ‘मनशुद्धी’ म्हटलं आणि पुढच्या शब्दावर अडखळले. वचनशुद्धी. डॉक्टरांना खोटं, घरात लपवालपवी, आणि समोर ह्या. बापूसोंना वाटलं घसा बसलाय. त्यांनी पुढचं खणखणीत म्हणून टाकलं, दोघांच्या वतीने.

आहार पूर्ण झाला. एकही केस नाही. शेवटची ओंजळ पाण्याची, तीही घेतली. सगळ्यांनी श्वास सोडला तो ऐकू आला.

हात धुऊन माताजी जरा बसल्या. बायका आत आल्या, दाटीवाटीने. माताजींनी मला पुढे बोलावून विचारलं, कशावर अडखळलीस? मी सगळ्यांसमोर सांगितलं. बापूसोंनी, स्नेहलने तिथेच पहिल्यांदा ऐकलं. छत्तीसचा आकडा सांगताना बापूसो खाली बघत होते.

माताजी म्हणाल्या, ‘‘आहारासाठी डोकं उतरवायला तू घाबरली नाहीस. एक गोळी सांगायला घाबरलीस?’’

मी म्हटलं, ‘‘नियम काढून घ्याल म्हणून.’’

‘‘नियम मी दिला होता. औषध आहे हे मला सांगितलं असतंस तर औषधासकट दिला असता. उद्यापासून गोळी आणि घोटभर पाण्याची सूट. बाकी एकाशन चालू राहील.’’

मी प्रायश्चित्त मागितलं. मला वाटलं दोन उपास देतील, दोन काय पाचही केले असते. त्या म्हणाल्या, मंगळवारी प्रवचनाआधी सभागृहात उभी राहा आणि हे जसंच्या तसं सगळ्यांना सांग.

उपास सोपे होते.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सूर्योदयानंतर नियमाप्रमाणे दोन घटका, म्हणजे पाऊण तास, थांबून सव्वासातला गोळी घेतली. एकटी. बापूसो पेला घेऊन समोर उभे. काल दुपारपासून माझ्याशी बोललेले नव्हते. मी घोट घेतल्यावर म्हणाले, ‘‘महिनाभर मी वरडत हुतो उपास, उपास. तूबी चुकलीस, मीबी.’’ एवढं बोलून बाजारात गेले. बाजारात काय सांगितलं ते नाही कळलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सभागृहात दीडशे तरी बायका होत्या. उघड्या डोक्याने उभी राहिले. पहिली दोन मिनिटं त्या डोकंच बघत होत्या, बघू दिलं. मग वर्गात सांगायचे तसं सांगितलं. गोळी कुठे जाते, कुठे अडते, कुणामुळे अडते. डॉक्टरांशी खोटं बोलले हेही. आवाज अजून फाटकाच आहे, पण मागच्या भिंतीपर्यंत पोचवला.

शेवटी विचारलं: एकाशनात सगळ्या गोळ्या ताटावर एकदम कोण कोण घेतं? हात वर.

एकही हात नाही. खुर्च्या कुरकुरल्या. मी थांबले. आठवीचा वर्गही पहिल्यांदा असाच बसतो, थांबलं की मग हलतो.

मागच्या रांगेतून एक हात आला. मग खांबापाशी दोन. मग कुठून कुठून येत राहिले. मी म्हटलं, खाली घेऊ नका, मोजायचे आहेत. चोवीसपर्यंत आले होते तेव्हा पहिल्या रांगेत, माझ्या अगदी समोर, सुमतीअक्कांनी हात वर केला. खांद्याच्या वर जेमतेम. माझ्याकडे बघत नव्हत्या, पण विचारलं मलाच.

‘‘सकाळी किती वाजता म्हणालीस गं?’’

‘‘सव्वासात,’’ मी म्हटलं. ‘‘पण आधी माताजींना सांगायचं, आणि उद्या डॉक्टरांकडे जायचं. मी येते बरोबर.’’

त्यांनी हात खाली घेतला नाही. मी पंचवीस मोजले आणि पुढे मोजत गेले.